वेळापूरच्या लाईनवरची खरखर

रेश्मा वाघमोडे पहिल्यांदा माझ्या ग्रंथालयात आली ती पुस्तक मागायला नव्हे. बाहेरून जाताना तिला पंख्याचा आवाज ऐकू आला म्हणून ती आत शिरली. "काका, याचं बेअरिंग गेलंय," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर स्टूल ठेवून तिनं ते बदललंही. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू होऊन तेव्हा तिला जेमतेम आठवडा झाला होता. मी नारायण, इथला ग्रंथपाल. सव्वीस वर्षं पुस्तकं देतो-घेतो आहे, पण लेझर आणि फायबर यातलं मला काही कळत नव्हतं. आज जे थोडंफार कळतं ते तिच्यामुळे. म्हणून तिची हकिकत मी सांगायला घेतली आहे.

ती मूळची नातेपुत्याची. वडील रामहरी यांची थोडी शेती आणि बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं दुकान. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत ही पोर लहानाची मोठी झाली. पुढं आयटीआय केलं आणि फायबरच्या लाईनी टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागली. काचेच्या दोन तारा, केसाएवढ्या. त्यांची टोकं सरळ कापायची, समोरासमोर आणायची आणि विजेच्या ठिणगीनं वितळवून एकजीव करायची. याला जोड म्हणतात. रस्त्याकडेच्या खड्ड्यात, छत्रीखाली बसून, अंगावर ट्रकचा धुरळा घेत तिनं सहा वर्षांत दहा हजारांवर जोड केले. त्यानंतर आमच्याकडे जागा निघाली आणि ती सोलापुरात आली. भवानी पेठेत राजाबाईंच्या घरी माडीवरची खोली घेतली. शेजारी यंत्रमाग. राजाबाई घरात तेलुगू बोलायच्या, ही मराठी, आणि मागांच्या खडखडाटामुळे दोघींनाही मोठ्यानं बोलायची सवय लागली. कॉलेजातही तिचा आवाज दोन खोल्या पलीकडे जायचा.

आमच्याकडे डॉक्टर सुबोध कमलापूरकर नावाचे प्राध्यापक आहेत. मऊ बोलणारे, पंचेचाळिशीचे, शर्टाच्या खिशाला कायम मार्करचा डाग. त्यांनी तीन वर्षांपूर्वी एक प्रकल्प हाती घेतला होता. वेळापुरात एक लहान रुग्णालय आहे. तिथून सोलापूरपर्यंत फायबरची एक रिकामी तार त्यांना वापरायला मिळाली होती. तिथली सोनोग्राफी, हृदयाची हलती चित्रं सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना त्याच क्षणी आणि स्वच्छ दिसावीत, अशी योजना. अडचण एवढीच, की शंभरावर किलोमीटर काचेतून येता येता प्रकाशाचा तीनशेवा भागही मुश्किलीनं उरतो. वाटेत कुठं तो वाढवणारं यंत्र बसवायची सोय नव्हती.

यावर एक युक्ती आहे. सोलापूरच्या टोकाला आपला स्वतःचा एक लेझर लावायचा आणि त्याचा जोरकस प्रकाश वेळापूरहून आलेल्या क्षीण प्रकाशात मिसळायचा. दोघांच्या मिसळण्यातून एक ठोका उमटतो. तो चांगला मोठा असतो आणि वेळापूरचा निरोप त्यात शाबूत असतो. अशा यंत्राला कोहेरंट रिसीव्हर म्हणतात. मोठ्या कंपन्या बनवतात ते फार गुंतागुंतीचे असतात. सरांना अगदी साधा हवा होता, तालुक्याच्या गावी कुणालाही दुरुस्त करता येईल असा. एक लेझर, दोन प्रकाश मिसळणारा एक कपलर आणि प्रकाशाची वीज करणारा एक डायोड. रेश्मानं तो आपल्या हातांनी जोडला.

प्रयोगशाळेत फायबरचं चाळीस किलोमीटरचं वेटोळं लावून पाहिलं तेव्हा सगळं छान चाललं. खऱ्या लाईनवर लावलं आणि चित्र फाटलं. पडद्यावर आडव्या पट्ट्या, मध्येच हिरवे ठिपके, मध्येच काळं. प्रकाश क्षीण आहे म्हणून सरांनी आपल्या बाजूच्या लेझरचा जोर वाढवला. ठोका मोठा झाला, पण त्यातली खरखर, म्हणजे नको असलेला गोंगाट, त्याहून मोठी झाली. अजून वाढवला, तर चित्र पार गेलं.

सरांनी लेझरबरोबर आलेला कागद पाहिला. लेझर शांत आहे, त्याचा प्रकाश अतिशय स्थिर आहे, असं त्यावर छापलेलं होतं. मग त्यांनी वेगळा तर्क केला. लाईनवरचा एखादा जोड खराब असेल तर त्यावरून थोडा प्रकाश उलटा फिरतो, परत येऊन लेझरला धडकतो आणि त्याला बिथरवतो. हे खरंच होतं असं म्हणतात. त्याच महिन्यात मोहोळजवळ रस्त्याच्या कामात केबल तुटली होती आणि तिथले जोड रेश्मानं केले होते.

सर एवढंच म्हणाले, की जोड एकदा तपासू या. पण विभागप्रमुखांना घाई होती. प्रकल्पाची पाहणी करायला मार्चमध्ये समिती येणार होती. त्यांनी सरळ पत्र काढलं: 'श्रीमती वाघमोडे यांनी केलेल्या जोडकामाच्या निकृष्ट दर्जामुळे चाचणी अयशस्वी झाली असून सदर काम बाहेरील तंत्रज्ञांकडून तपासून घ्यावे.'

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. समोरच्या खुर्चीवर बसली आणि कागद टेबलावर ठेवला.

"काका, दहा हजार जोड केलेत," ती म्हणाली. "खराब झाला तर मलाच पहिल्यांदा कळतंय. मी तो तितंच कापून परत करते. निकृष्ट हा शब्द माझ्या कामाला आजवर कुणी लावला न्हाई."

मी चहा मागवला. तेवढ्यात तिच्या आईचा, मथुराबाईंचा फोन आला. पलीकडचा आवाजही मोठाच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. हिनं पत्राचं सांगितलं.

"मग तू काय केलंस?" मथुराबाईंनी विचारलं.

"अजून काय न्हाय."

"मग कर की. तुज्या बापाच्या दुकानात लोक जळकी मोटार घिऊन येत्यात आन म्हंत्यात, वाइंडिंग खराब केलं तुमी. त्यो भांडत बसतोय व्हय? त्यो मोटार उघडतोय."

रेश्मानं फोन ठेवला, चहा संपवला आणि पत्र घडी घालून पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सरांकडून गाडी मागून घेतली.

तिच्याबरोबर गुरप्पा होता. गुरप्पा लाईनमन, अक्कलकोटकडचा, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारा, मोठ्या पोटाचा आणि शांत स्वभावाचा माणूस. दोघांनी तीन दिवस ती लाईन पिंजून काढली. फायबरमध्ये प्रकाशाचा झटका सोडून, परत येणाऱ्या प्रकाशावरून कुठला जोड कसा आहे हे आलेखावर दाखवणारं एक यंत्र असतं. ते त्यांनी सोलापूरच्या टोकाला लावलं, मग वेळापूरच्या टोकाला लावलं, आणि मोहोळजवळ केबलचा डबा उघडून तिथंही लावलं. मोहोळचे जोड आलेखावर जवळजवळ दिसतही नव्हते, इतके साफ होते. पंढरपूरच्या अलीकडे एक जुना जोड जरा उंच आला. तो दुसऱ्या कुणाचा होता. तिनं तो तिथंच कापला आणि नवा केला.

"जोड बरोबर हाय अक्का," गुरप्पा म्हणाला. "आता काय?"

आता काय, हेच तिलाही कळत नव्हतं. लाईन स्वच्छ होती आणि चित्र तरीही फाटत होतं.

पुढं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. परत आल्यावर ती सकाळी प्रयोगशाळेत एकटीच बसली होती. आईचं बोलणं तिच्या डोक्यात होतं. जळकी मोटार आली की वडील आधी सगळ्या तारा सोडवून मोटार एकटी करतात आणि मग तपासतात. तिनं तेच केलं. वेळापूरहून येणारी फायबर रिसीव्हरमधून काढली आणि त्या जागी टोपण लावलं. आता रिसीव्हरमध्ये बाहेरून काहीच येत नव्हतं. जोड नाहीत, लाईन नाही, वेळापूरही नाही. आत होता फक्त आपला लेझर आणि तो एक डायोड.

खरखर होती तशीच राहिली.

तिनं लेझर बंद केला, खरखर गेली. चालू केला, आली. मग तिनं जोर थोडाथोडा वाढवत प्रत्येक वेळी मीटरवरचा आकडा कागदावर मांडला. तीनदा मांडला. आकडे तेच आले.

तो कागद घेऊन ती ग्रंथालयात आली. "काका, यातलं काहीतरी पुस्तकात असंल," म्हणाली. मी कपाटातून प्रकाशीय संदेशवहनावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. तिला इंग्रजी अडखळत येतं आणि मला विषय येत नाही. आम्ही दोघं शेजारी बसलो. मी वाक्य मराठीत सांगायचं, तिनं ते यंत्रावर कुठं बसतं ते सांगायचं. अशी आम्ही दोन दुपारी वीस पानं काढली. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पुस्तकाचं असं वाचन मी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी एक परिच्छेद आला. मी सांगू लागलो. "प्रकाश हा मुळात कणाकणानं येतो, म्हणून त्याची स्वतःची थोडी खरखर असतेच. प्रकाश दुप्पट केला की ही खरखर दुप्पट होते. पण लेझर जर स्वतःच थरथरत असेल, त्याचा उजेड बारीक बारीक कमीजास्त होत असेल, तर त्यानं येणारी खरखर दुप्पट प्रकाशाला चौपट होते."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "थांबा काका."

तिनं कागद उलगडला. अगदी कमी जोर होता तेव्हा खरखर बदलत नव्हती. ती यंत्राच्या विजेची होती. पण पुढं जोर दुप्पट, तर खरखर पावणेचारपट. आणखी दुप्पट, तर पुन्हा जवळजवळ चौपट.

"लेझर थरथरतोय," ती म्हणाली. "कागदावर शांत हाय. खऱ्यात न्हाय."

आम्ही पुढं वाचलं. आलेल्या प्रकाशाला उठाव देण्यासाठी आपण आपला लेझर वाढवतो, पण एकच डायोड असलेल्या साध्या रिसीव्हरमध्ये त्या लेझरची थरथर थेट निरोपात मिसळते. एका मर्यादेपलीकडे जोर वाढवला की फायद्यापेक्षा तोटा जास्त. त्याच पानावर खाली एक आकृती होती. कपलरमधून दोन तोंडं बाहेर पडलेली आणि दोन्ही तोंडांवर एकेक डायोड.

रेश्मा त्या आकृतीवर वाकली. "आमी दुसरं तोंड टोपण लावून बंद केलंय," ती हळू म्हणाली. "हे लोक तितंबी डायोड लावत्यात. का?"

मी खालच्या ओळी सांगितल्या. लेझरची थरथर दोन्ही तोंडांतून एकसारखी बाहेर येते, एकात वाढली तर दुसऱ्यातही त्याच क्षणी वाढते. निरोप मात्र उलटसुलट येतो, एकात वर तर दुसऱ्यात खाली. एकातून दुसरं वजा केलं की थरथर थरथरीला खाऊन टाकते आणि निरोप दुप्पट होऊन हातात राहतो.

ती तशीच उठली. पुस्तक टेबलावर उघडं, पर्स खुर्चीला. मी ती पर्स घेऊन तिच्या मागोमाग गेलो, त्यामुळे पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

कमलापूरकर सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. तिनं आकड्यांचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि लाईन काढून काय पाहिलं ते सांगितलं. सरांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लाईन काढून बघायचं मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "मी त्या छापील कागदावर विसंबलो. आणि तुमच्या जोडांवर संशय घेतला. माझी चूक झाली, रेश्मा. मनापासून सांगतो."

"असू द्या सर. पण दुसरा डायोड का न्हाई लावायचा? कपाटात आठ पडलेत."

"मी तो मुद्दाम काढला होता. दोन डायोड लावायचे तर कपलरपासून दोघांपर्यंतची वाट अगदी सारखी लागते. एकीकडची थरथर दुसरीकडच्या थरथरीपेक्षा जरा जरी उशिरा पोचली, तरी वजाबाकी चुकते. आणि प्रकाशही दोन्हीकडे समसमान लागतो. कंपन्या हे सगळं एका चिपवर छापतात. हातानं जमणारं काम नाही ते. लेझरचा जोर कमी ठेवू, साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत तरी चालेल."

"साठ-सत्तरला वेळापूर येत न्हाई, सर."

"नाही येत," सर म्हणाले.

"किती फरक चालंल वाटेत?"

"दोन मिलिमीटर. त्याच्या आत आला तर फारच उत्तम."

रेश्मा पहिल्यांदा हसली. "मिलिमीटर लई मोटा असतोय, सर."

ज्या माणसानं केसाचा शंभरावा भाग इकडंतिकडं झाला तर जोड कापून पुन्हा करायचा, त्याला मिलिमीटर मोठाच वाटणार. पण काम दिसलं तितकं सोपं निघालं नाही. डायोडच्या आत फायबर किती आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून पट्टीनं मोजून भागत नव्हतं. तिनं दोन्ही डायोड जोडले आणि वजाबाकीनंतर उरलेली खरखर पडद्यावर पाहिली. थरथरीतले संथ चढउतार नाहीसे झाले होते, वेगवान तसेच होते. म्हणजे वाट कुठंतरी लांब होती. कुठली आणि किती, हे मात्र पडदा सांगत नव्हता.

मग एक वाट थोडी कापायची, पुन्हा जोडायची, पुन्हा पाहायचं. दर जोडाला थोडी फायबर वाया जायची. डायोडला चिकटून आलेलं शेपूट वीतभर होतं, ते कमी कमी होत चाललं. जोडयंत्राच्या चिमट्यात धरायला किमान काही इंच लागतात. त्याहून आखूड झालं तर डायोड फेकून नवा घ्यायचा आणि सगळं पहिल्यापासून.

पाच वेळा ती चुकली. पहिला डायोड संपला. दुसरा घेतला, त्याचंही शेपूट निम्म्यावर आलं. त्या आठवड्यात ती माझ्याशीही नीट बोलली नाही. डबा खायची आणि बोटांकडे बघत बसायची. राजाबाईंनी एकदा मला फोन करून विचारलं, पोरीचं काही बिनसलंय का, इतकी गप्प कधी नसते.

शनिवारी तिनं पद्धत बदलली. अंदाजानं कापणं सोडून दिलं. एका वाटेतून नेमके पाच मिलिमीटर कमी केले आणि खरखर किती बदलली ते लिहिलं. पुन्हा पाच केले, पुन्हा लिहिलं. या दोन आकड्यांवरून बरोबरीची जागा अजून किती लांब आहे त्याचा तिनं हिशेब मांडला. तो सरांना दाखवला. सरांनी तो तपासला आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. सात मिलिमीटर निघाले. जोड करताना किती वितळतं ते तिला पाठ होतं, ते तिनं त्यात धरलं. कापलं, जोडलं, झाकण लावलं.

खरखर दहाव्या भागावर आली. अजून खाली यायला हवी होती. एकीकडचा प्रकाश किंचित जास्त होता, त्यामुळे वजाबाकी पूर्ण होत नव्हती. सर म्हणाले, तो कमी करायचं यंत्र मागवावं लागेल, दोन आठवडे जातील. समिती दहा दिवसांवर आली होती. रेश्मानं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि जास्त प्रकाशाच्या बाजूची फायबर तिच्याभोवती एक वेढा गुंडाळली. फायबर वाकवली की थोडा प्रकाश वळणावर बाहेर गळतो. वेढा जरा घट्ट केला, मग किंचित सैल सोडला. पडद्यावरची रेघ खाली सरकली, अजून सरकली आणि तळाशी जाऊन बसली.

"शंभरावा भाग," सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

तिनं वेळापूरची लाईन लावली. गुरप्पा त्या टोकाला होता. पडद्यावर रुग्णालयाची भिंत दिसली. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, त्यावरची तारीख वाचता आली. मग कॅमेऱ्यासमोर गुरप्पाचं तोंड आलं.

"दिसतंय का अक्का? हाय का न्हाय?"

"हाय," रेश्मा म्हणाली. "दाढी कर, गुरप्पा."

सोमवारी सकाळी ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. जोडांचे आलेख आणि खरखरीचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी पाहिलं, अभिनंदन केलं, चहा घ्या म्हणाले.

"चहा घेते," ती म्हणाली. "पण आधी ते पत्र मागं घ्या. लेखी."

ते म्हणाले, आता यंत्र चाललं आहे, तेव्हा तो विषय संपला. ती म्हणाली, माझ्या फाईलीत तो संपलेला नाही. आवाज चढवला नाही. तिचा साधा आवाजच बाहेर कारकुनांपर्यंत पोचत होता. अर्ध्या तासानं नवं पत्र टाईप झालं: जोडकाम तपासले असता उत्तम दर्जाचे आढळले, सबब पूर्वीचे पत्र रद्द करण्यात येत आहे. त्याची प्रत तिनं मला वाचायला दिली. मी ती दोनदा वाचली.

समितीत तिघं होते. त्यातल्या पद्मजा बेंगळुरूहून आलेल्या, याच विषयातल्या मोठ्या संशोधक. केस पांढरे, पायात साध्या चपला. शाळेपर्यंतचं शिक्षण त्यांचं सोलापुरातच झालेलं, त्यामुळे मराठी चांगलं. सोलापूरचे एक हृदयरोगतज्ज्ञही पडद्यासमोर बसले होते. वेळापूरला तपासणीच्या पलंगावर कुणीतरी झोपायला हवं होतं आणि गुरप्पानं स्वतःहून शर्ट काढला होता. त्याच्या छातीवर यंत्र फिरू लागलं आणि इथं पडद्यावर त्याचं हृदय उघडमीट करताना दिसलं. झडपांच्या कडाही स्पष्ट. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "हे मी माझ्या दवाखान्यात बघतो त्याच्याइतकंच स्वच्छ आहे," ते म्हणाले. तिकडून गुरप्पानं विचारलं, "साहेब, माजं ठीक हाय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, पोट कमी करा.

पद्मजाबाई हसल्या नाहीत. त्या रिसीव्हरच्या डब्यात वाकून पाहत होत्या. "ही पेन्सिल कशाला?"

सर बोलायला पुढं झाले, मग थांबले. "हे रेश्मा सांगतील. काम त्यांचं आहे."

रेश्मानं सांगितलं. इंग्रजी शब्द शोधत बसली नाही; लेझर थरथरतो, दोन वाटा, वजाबाकी, पेन्सिलीचा वेढा, असं आपल्या बोलीत सांगत गेली. पद्मजाबाईंनी ऐकता ऐकता दुसऱ्या डायोडची वायर हातानं काढली. पडद्यावर गुरप्पाचं हृदय पट्ट्यांत फाटलं. वायर लावली, चित्र परत आलं.

"दोन टोकांच्या दोन लेझरचे रंगही सरकत असतात, त्याचं काय करता?"

"ते संगणक सांभाळतो," सर म्हणाले. "आधीच्या ठोक्याशी पुढचा ताडून बघतो. तो भाग आधीपासून चालत होता. अडलं होतं ते या थरथरीपाशी."

"आणि उन्हाळ्यात? सोलापूर चव्वेचाळीसवर जातं. काच तापली की लांबी बदलणार. तुमची मिलिमीटरची जुळणी टिकेल?"

हा प्रश्न सरांनी तिच्याकडून करून घेतलेल्या तयारीत नव्हता. मी दारातून एक पाऊल आत आलो.

"दोन्ही वाटा एकाच डब्यात, शेजारी-शेजारी हायत," रेश्मा म्हणाली. "तापल्या तर दोन्ही सारख्याच तापणार. फरक वाढत न्हाई. परवा हा डबा मी दुपारभर गच्चीवर उन्हात ठिवला होता. हे आकडे." आणि तिनं एक कागद पुढं केला.

सरांनाही त्या कागदाची कल्पना नव्हती. पद्मजाबाईंनी तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. मग बाकीच्या दोघांकडे वळून म्हणाल्या, "मी माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकवते तेव्हा फळ्यावर दोन चौकोन काढते आणि लिहिते, 'वाटा समान आहेत असं गृहीत धरा.' यांनी त्या समान केल्या." आणि रेश्माला त्यांनी विचारलं, "तुमचं नाव यावरच्या शोधलेखात आहे ना?"

"लेखात?" रेश्मा म्हणाली.

"आहे," सर म्हणाले. "पहिलं."

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. प्रकल्प मंजूर झाला. लेख छापून आला आणि तो अंक माझ्या ग्रंथालयात दर्शनी कपाटात आहे. कुणी आलं की मी तो दाखवतो. एका परिषदेत तो लेख मांडायला रेश्मा सरांबरोबर बेंगळुरूला गेली होती. भाषण सरांनी केलं, पण नंतर लोक तिच्याभोवती जमले. एका कंपनीच्या माणसानं विचारलं, या दोन वाटांची जुळणी कुठल्या यंत्रानं केली. तिनं दोन्ही हात पुढं धरले. तिथून तिनं आईला फोन लावला. मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जेवलीस का?" मग फोन ठेवून त्या नातेपुत्याच्या पेठेत निघाल्या आणि ओळखीच्या प्रत्येक दुकानात पेढे वाटत आल्या. हे रामहरींनी मला सांगितलं.

रेश्माची जागा आता तांत्रिक अधिकाऱ्याची आहे. प्रयोगशाळेत सहा मुली तिच्या हाताखाली रिसीव्हर बांधतात. पेन्सिल गेली, तिच्या जागी पितळेची छोटी कांडी आली, तीही तिनंच कातून घेतली. लेझरबरोबर आलेल्या कागदावर काहीही छापलेलं असो, प्रत्येक लेझर आधी एकटा चालवून त्याची थरथर मोजायची हा तिथला नियम आहे. चार रुग्णालयं लाईनवर आली आहेत. पाचवं अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेवरच्या गावात होतं आहे. आज सकाळीच ती आणि गुरप्पा तिकडं गेले. तिथल्या परिचारिकांना फक्त कानडी येतं, म्हणून गेले महिनाभर गुरप्पाकडून ती कानडी शिकते आहे. दुपारी तिचा फोन आला. मागून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता, आणि त्याच्यावर तिचा.

"काका, चित्र आलं," ती म्हणाली. "पहिल्याच जोडणीत."